मेनफ्रेम फाइल मॅनेजर: आपली डिफॉल्ट सेटिंग राहतात कुठे आणि बदलायची कुठे?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे झेड/ओएसवर (मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टम) आयबीएमचं फाइल मॅनेजर आहे, म्हणजे डेटा फायली बघायचं, बदलायचं आणि छापायचं साधन. मुख्य मेनूतल्या ० क्रमांकाच्या पर्यायात जाऊन मी छपाईची सेटिंग माझ्या सोयीने करून घेतली: हेक्स (बाइटचे १६-आधारी आकडे) उभं न छापता आडवं छापायचं, पानावर जास्त ओळी, वगैरे. पडद्यावरून काम करताना सगळं हवं तसं चालतं. तेच काम बॅच जॉबमधून (पडद्याशिवाय आपोआप चालणाऱ्या कामातून) केलं की छपाई जुन्याच पद्धतीची येते. जॉब माझ्याच आयडीने जातो, तरीही.

दुसरी तक्रार अशी की केलेले बदल कधी टिकतात, कधी टिकत नाहीत. संध्याकाळी सेटिंग बदलून ठेवावं आणि दुसऱ्या दिवशी लॉगऑन केल्यावर पुन्हा मूळपदावर. शेजारच्या सहकाऱ्याला हा त्रास अजिबात नाही.

तिसरं, आमच्या टीममध्ये नवीन मुलं येताहेत. त्यांना पहिल्या दिवशी कोणती सेटिंग बदलून घ्यायला सांगावी? मॅन्युअलमध्ये प्रत्येक खान्याचा अर्थ दिलाय, पण कोणता खाना महत्त्वाचा आणि कोणता नुसता आवडीनिवडीचा, ते त्यावरून कळत नाही. अनुभवी लोकांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

जेसीएलकर

चांगला धागा. तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं मूळ एकच आहे, म्हणून ते आधी घेतो.

‘डिफॉल्ट’ ही एका जागी ठेवलेली गोष्ट नाही. थरावर थर आहेत आणि वरचा थर खालच्याला झाकतो. सगळ्यात खाली इन्स्टॉलेशनचं ऑप्शन मॉड्यूल, एफएमएन०पीओपीटी. ते सिस्टम्स प्रोग्रामर मॅक्रो असेंबल करून बनवतो आणि त्या सिस्टमवरच्या सगळ्यांना तेच लागू होतं. त्याच्यावर तुमचं आयएसपीएफ प्रोफाइल (आयएसपीएफ म्हणजे पडद्यावरचे मेनू आणि पॅनेल चालवणारी यंत्रणा, प्रोफाइल म्हणजे तुमच्या सेटिंगची साठवण). फाइल मॅनेजर एफएमएन या ॲप्लिकेशन आयडीने चालतं, त्यामुळे ० पर्यायात तुम्ही जे बदलता ते तुमच्या प्रोफाइल डेटासेटमध्ये एफएमएनप्रोफ नावाच्या मेंबरमध्ये जाऊन बसतं (डेटासेट म्हणजे मेनफ्रेमवरची फाइल, मेंबर म्हणजे तिच्यातला एक नावाचा भाग). तिसरा थर प्रत्येक एंट्री पॅनेलवरच्या खान्यांचा. डेटासेटचं नाव, टेम्प्लेट (रेकॉर्डमधल्या फील्डचा आराखडा), कुठल्या रेकॉर्डपासून सुरुवात करायची, हे मागच्या वेळी भरलेलं तसंच समोर येतं. आणि सगळ्यात वर तुम्ही त्या क्षणी कमांड लाइनवर टाइप केलेलं. हेक्स ऑन म्हटलंत की समोरची फाइल हेक्समध्ये दिसते, त्याने ० पर्यायातलं काही बदलत नाही.

आता बॅच. बॅच जॉबमध्ये पीजीएम=फाइलेमजीआर चालवता तेव्हा तिथे आयएसपीएफ नसतं. आयएसपीएफ नाही म्हणजे प्रोफाइलही नाही. आयडी तुमचाच असला तरी तो फक्त अधिकार तपासायला वापरला जातो, आवडीनिवडी कळायला नाही. म्हणून जॉब सरळ तळाच्या थरावर, मॉड्यूलवर उभा राहतो. तुम्हाला दिसतेय ती ‘जुनी पद्धत’ म्हणजे तुमच्या साइटची पद्धत.

यावर उपाय आहे सेट फंक्शन. सिसिनमध्ये (जॉबला दिलेल्या सूचनांच्या ओळींत) कामाच्या ओळीच्या आधी

डॉलर-डॉलर-फाइलेम सेट डम्प=अक्रॉस,पेजसाइझ=६६

अशी ओळ द्या (अर्थात रोमन लिपीत, चिन्हांसकट). ती त्या स्टेपमधल्या पुढच्या फंक्शनना लागू पडते. डम्पला दोनच किमती आहेत. अपडाउन दिलं की प्रत्येक बाइटचे दोन हेक्स आकडे अक्षराखाली एकाखाली एक येतात, अक्रॉस दिलं की ओळीत डावीकडे हेक्स आणि उजवीकडे अक्षरं.

माझा आग्रह असा: जो जॉब उद्या दुसऱ्या कोणाच्या हातात जाणार आहे, त्यात सेटची ओळ लिहायचीच, साइटचं डिफॉल्ट आज अगदी तुम्हाला हवं तेच असलं तरी. मॉड्यूल कधीतरी नव्याने असेंबल होतं आणि त्या दिवशी तुमचा जॉब काहीही न बदलता वेगळा वागायला लागतो. सेट लिहिलेलं असेल तर जॉब वाचणाऱ्याला सगळं एका जागी दिसतं.

जेसीएलकर

(मागचा प्रतिसाद लांबला, म्हणून दुसरा प्रश्न वेगळा.)

आयएसपीएफ प्रोफाइलमधले बदल आधी मेमरीत राहतात. ते ॲप्लिकेशन नीट बंद होतं तेव्हा डिस्कवर लिहिले जातात. म्हणजे एफ३ दाबत फाइल मॅनेजरमधून बाहेर पडायला हवं. तुम्ही पडदा तसाच उघडा टाकून उठलात, ठरलेला वेळ टर्मिनलवर काही हालचाल झाली नाही आणि सिस्टमने तुम्हाला एस५२२ (वेळ संपल्याचा कोड) देऊन बाहेर काढलं, तर ते लिहिणं होतच नाही. ही मर्यादा सिस्टमच्या सेटिंगच्या एसएमएफपीआरएम मेंबरमधल्या जेडब्ल्यूटी या किमतीवरून ठरते. तिचं मूळ डिफॉल्ट १० मिनिटं आहे, बऱ्याच साइट ती वाढवतात. सहकाऱ्याला त्रास नाही याचं कारण बहुधा एवढंच असेल की तो रोज नीट लॉगऑफ करतो.

सवय लावून घ्या: सेटिंग बदललं की लगेच फाइल मॅनेजरमधून एकदा पूर्ण बाहेर येऊन परत आत जायचं. स्प्लिट स्क्रीनवर दुसरीकडेही फाइल मॅनेजर उघडं असेल तर तेही बंद करायचं.

पीडीएस_पुराण

जेसीएलकर यांच्याशी सहमत, पण आणखी एक कारण तपासा. प्रोफाइल डेटासेट भरलेला असू शकतो. तो साधा पीडीएस (अनेक मेंबर ठेवणारा डेटासेट) असेल तर प्रत्येक वेळी मेंबर साठवताना नवी जागा खाल्ली जाते, जुन्या प्रतीची जागा कॉम्प्रेस केल्याशिवाय मोकळी होत नाही. वर्षानुवर्षं वापरलेलं प्रोफाइल एक दिवस डी३७ किंवा ई३७ (जागा संपल्याचे कोड) देतं. डिरेक्टरी भरली तर बी१४. बाहेर पडताना संदेश चमकून जातो आणि घाईत कोणी वाचत नाही.

कुठला डेटासेट ते बघायला कमांड लाइनवर टीएसओ आयएसआरडीडीएन द्या आणि यादीत आयएसपीप्रोफ हे डीडी नाव (सत्रात डेटासेटला दिलेलं टोपणनाव) शोधा. त्यासमोर जो डेटासेट, तो तुमचा. पीडीएसई (पीडीएसचा सुधारित प्रकार) करून घेतलात तर कॉम्प्रेसची कटकट कायमची जाते.

रात्रपाळी

दोघांचेही आभार. आयएसआरडीडीएन ठाऊकच नव्हतं. डेटासेट साधा पीडीएस निघाला, जागा मात्र शिल्लक आहे, म्हणजे एस५२२वरच संशय जातो. सेट फंक्शन आजच जॉबमध्ये घातलं, छपाई हवी तशी आली.

नवीन लोकांना काय सांगायचं, त्यावरही कोणीतरी लिहा.

कॉपीबुकवाली

त्यावर मी लिहिते, कारण नवीन लोक अडतात ते छपाईवर नाही, टेम्प्लेटवर.

फाइल मॅनेजर कॉपीबुक (प्रोग्राममध्ये वापरायचं रेकॉर्डच्या मांडणीचं वर्णन) कंपाइल करून टेम्प्लेट बनवतं. कंपाइलरला काय समजायचं ते ० पर्यायातल्या भाषेच्या आणि कोबॉलच्या पॅनेलवरून ठरतं. तिथलं सेटिंग तुमच्या प्रोग्रामच्या कंपाइल ऑप्शनशी जुळत नसेल तर प्रोग्राम व्यवस्थित चालतो आणि टेम्प्लेट मात्र बनत नाही. नवा माणूस कॉपीबुकमध्ये चूक शोधत बसतो.

नेहमीचं उदाहरण अरिथ(एक्स्टेंड). कोबॉलमध्ये अरिथ(कॉम्पॅट) असेल तर आकडी फील्ड जास्तीत जास्त १८ अंकांचं चालतं, एक्स्टेंड असेल तर ३१ अंकांपर्यंत. कॉपीबुकमध्ये एस९(२०) कॉम्प-३ असं (२० अंकी) एक जरी फील्ड असलं आणि फाइल मॅनेजरच्या कोबॉल पॅनेलवर एक्स्टेंडची खूण नसली, तर कंपाइल तिथेच अडतं. ज्यांच्या साइटवर असे मोठे आकडे आहेत, तिथे ही खूण पहिल्या दिवशी करून घ्यायची.

दुसरं, दशांश चिन्ह. तुमचे प्रोग्राम डेसिमल-पॉइंट इज कॉमा वापरत असतील तर तेही पॅनेलवर सांगावं लागतं. तिसरं, रिप्लेसिंग. बऱ्याच कॉपीबुकमध्ये फील्डच्या नावाआधी दोन कोलनमध्ये टॅग लिहिलेला असतो आणि प्रोग्राममधल्या कॉपी वाक्यात तो बदलला जातो. फाइल मॅनेजर तुमचा प्रोग्राम वाचत नाही, फक्त कॉपीबुक वाचतं. त्यामुळे टॅगच्या जागी काय घालायचं ते रिप्लेसिंगच्या खान्यांत भरून ठेवावं लागतं.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक नवीन माणसाला शेजारी बसवून दाखवते. एंट्री पॅनेलवर टेम्प्लेट वापराचा खाना असतो: वर लिहिलेलं टेम्प्लेट घ्यायचं, की या डेटासेटबरोबर मागे वापरलेलं, की कुठलंच नाही. वर लिहिलेलं निवडून ठेवलं की तीच निवड पुढच्या वेळीही समोर येते, टेम्प्लेटच्या नावासकट. मग भलत्याच डेटासेटवर भलतंच टेम्प्लेट बसतं. चुकीचं टेम्प्लेट बसलं की फाइल मॅनेजर दरवेळी ओरडत नाही. रेकॉर्डची लांबी जुळली तर ते निमूटपणे आकडे दाखवतं आणि ते आकडे खोटे असतात. म्हणून फाइल उघडल्यावर पहिल्या रेकॉर्डवर नजर टाकायची, ओळखीचं एक तरी फील्ड बरोबर दिसतंय ना ते बघायचं आणि मगच पुढे जायचं.

हेक्सप्रेमी

कॉपीबुकवाली यांचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावण्यासारखा. नवीन लोकांसाठी आणखी एक: टेबल स्वरूपात पॅक्ड (एका बाइटमध्ये दोन अंक ठेवणाऱ्या, कॉम्प-३) फील्डच्या जागी नुसत्या फुल्या दिसल्या तर घाबरू नका आणि त्यावर लगेच टाइपही करू नका. त्या बाइटमध्ये वैध पॅक्ड आकडा नाही, एवढंच ते सांगतंय. हेक्स ऑन करून बघा. १२३४५ हा धन आकडा १२३४५सी असा दिसायला हवा, शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह. तिथे ४०४०४० दिसलं तर ते ईबीसीडिकमधले (मेनफ्रेमच्या अक्षरसंचातले) स्पेस आहेत, म्हणजे फाइल लिहिणाऱ्याने ते फील्ड भरलेलंच नाही. असा रेकॉर्ड प्रोग्रामने हिशेबात घेतला की एस०सी७ (अवैध आकड्यामुळे प्रोग्राम बंद पडणं).

डिस्कवाला

म्हणूनच सिस्टम ऑप्शनमध्ये पॅड (उरलेली जागा भरायचं अक्षर) हेक्स शून्य करून ठेवा असं मी सगळ्यांना सांगतो. लहान रेकॉर्ड मोठ्या लांबीच्या डेटासेटमध्ये कॉपी करताना मागची जागा स्पेसने भरली की हीच गत होते.

हेक्सप्रेमी

@डिस्कवाला, इथे मी ठामपणे असहमत आहे, कारण हा सल्ला ऐकून लोक निर्धास्त होतात.

पॅक्ड फील्डमध्ये सगळीकडे हेक्स शून्य भरलं तरी ते वैध होत नाही. शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये ए ते एफपैकी चिन्ह लागतं, शून्य हे चिन्ह नाही. शून्य रकमेचं तीन बाइटचं पॅक्ड फील्ड ००००००सी असं नाही, ०००००सी असं असतं: पाच अंक आणि एक चिन्ह. त्यामुळे ४०४०४० काय किंवा ०००००० काय, एस०सी७ दोन्हीकडे वाट बघतोय. बायनरी फील्डना हेक्स शून्य चालतं, तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर. पण तेच अक्षरी फील्डला चालत नाही: तिथे स्पेस हवेत, नाहीतर स्पेसशी तुलना करणाऱ्या सगळ्या अटी फसतात.

म्हणजे एका पॅड अक्षराने सगळ्या प्रकारची फील्ड नीट भरता येत नाहीत, मग डिफॉल्ट काहीही ठेवा. रेकॉर्डची मांडणी बदलून कॉपी करायची असेल तर दोन्ही बाजूंना टेम्प्लेट द्यायचं, जुन्याचं आणि नव्याचं. मग नव्या रेकॉर्डमधल्या ज्या फील्डला जुन्यात जोडी नाही, त्याला त्याच्या प्रकाराप्रमाणे सुरुवातीची किंमत मिळते: आकडी असेल तर नीट चिन्हासकट शून्य, अक्षरी असेल तर स्पेस. पॅडवर विसंबायची वेळच येत नाही.

डिस्कवाला

मान्य. आमच्या फायलींत शेवटची फील्ड सगळी बायनरी आहेत, म्हणून आमच्याकडे ते निभावतं. सरसकट सल्ला म्हणून मागे घेतो.

सिस्प्रोग_२

साइटच्या बाजूने थोडं लिहितो, कारण ‘सगळ्यांसाठी एकच चांगलं डिफॉल्ट करून द्या’ ही मागणी आमच्याकडे सतत येते.

मॉड्यूल बदललं म्हणून जुन्या वापरकर्त्यांचा पडदा बदलेलच असं नाही. ज्यांनी ते पॅनेल आधी स्वतःच्या मनासारखं करून साठवलंय, त्यांना त्यांच्या प्रोफाइलमधलीच किंमत दिसत राहते. नव्या लोकांना मात्र मॉड्यूलमधली मिळते. एकाच टीममध्ये दोघांना दोन वेगळी वागणूक दिसली की समजायचं हे असं झालंय. अशा वेळी पॅनेलवर रीसेट ही कमांड देऊन साइटच्या मूळ किमतींवर परत येता येतं.

दुसरं जास्त गंभीर आहे. ऑडिट लॉगचं सेटिंग साइटकडे असतं: नेहमी लिहायचा, कधीच नाही, किंवा वापरकर्त्याने मागितला तर. तिसरा पर्याय दिलेल्या साइटवर एडिट पॅनेलवर ऑडिट ट्रेलची खूण वापरकर्ता स्वतः करतो किंवा करत नाही. प्रॉडक्शनच्या डेटाला हात लागणार असेल तर ही निवड माणसाच्या हातात ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. रात्री २ वाजता बंद पडलेला जॉब उठवायला कोणीतरी एक रेकॉर्ड दुरुस्त करतो, त्यावेळी खूण करायची आठवण कोणाला राहणार? आणि नेमकी तीच दुरुस्ती पुढे कोणीतरी विचारणार असतं. मात्र ऑडिट हे कुंपण नाही, नोंदवही आहे. कोणाला कुठल्या डेटासेटवर लिहिता येतं ते रॅकएफसारख्या सुरक्षा प्रणालीतच ठरलं पाहिजे.

नवीन लोकांना एवढं तरी शिकवा की नुसतं बघायचं असेल तेव्हा १ क्रमांकाचा व्ह्यू वापरायचा, २ क्रमांकाचं एडिट नाही. व्ह्यूमध्ये अक्षर चुकून बदललं गेलं तरी मूळ डेटासेटवर साठवलं जात नाही.

रात्रपाळी

नुसतं बघायला एडिट उघडणारे आमच्याकडे बरेच आहेत. उद्याच सांगतो.

निळी_अक्षरं

एक वेगळा मुद्दा. मला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. काळ्या पडद्यावर चूक सांगणारा संदेश लाल आणि बाकी मजकूर हिरवा, म्हणजे माझ्यासाठी सगळं सारखंच. आयएसपीएफमध्ये सीयूएएटीटीआर ही कमांड दिली की पडद्यावरच्या प्रत्येक घटकाचा रंग आणि ठळकपणा बदलता येतो. संदेश मी पिवळे आणि उलट्या पार्श्वभूमीचे करून घेतलेत. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी निमूट सहन करत बसू नये. टीमला शिकवणाऱ्यांनी हे पहिल्या दिवशीच सांगावं, कारण अशी अडचण कोणी आपणहून बोलून दाखवत नाही.

पीएफ कीबद्दलही (कीबोर्डवरच्या एफ१, एफ२, एफ३ वगैरे). आयएसपीएफमध्ये बदललेल्या की फाइल मॅनेजरमध्ये चालत नाहीत, कारण ॲप्लिकेशन आयडी वेगळा, प्रोफाइल वेगळं. फाइल मॅनेजरच्या आत असताना कीज ही कमांड देऊन तिथल्या की वेगळ्या ठरवाव्या लागतात. स्क्रोलचंही तसंच. सीएसआर ठेवलं की कर्सर असलेली ओळ वर येते आणि मोठी फाइल वाचताना धागा सुटत नाही. मी सगळीकडे तेच ठेवते.

फाइलएडवाला

आमच्याकडे फाइल-एड आहे (आधी कॉम्प्युवेअरचं, २०२० मध्ये कॉम्प्युवेअर बीएमसीने घेतल्यापासून त्यांचं). तिथेही ० म्हणजेच पॅरामीटर, आणि पडद्याच्या सेटिंगला प्रोफाइल, बॅचला वेगळा हिशेब हे तत्त्व तेच. स्वरूपांची नावं तेवढी वेगळी: एफएमटी म्हणजे एका वेळी एक रेकॉर्ड फील्डवार, व्हीएफएमटी म्हणजे टेबलासारखं, सीएचएआर म्हणजे नुसती अक्षरं. एका उत्पादनावरून दुसऱ्यावर जाणाऱ्याने जुन्या सवयीच्या कमांड मारण्याआधी आपण कुठल्या स्वरूपात आहोत ते बघावं.

अनामिक_बाइट

माझं प्रोफाइलच बिघडलंय असं वाटतं. फाइल मॅनेजर उघडताना विचित्र किमती येतात, काही खाने रिकामे. रीसेटने एका पॅनेलचं काम झालं, बाकीची तशीच. सगळं पुसून कोरं कसं करायचं? तो मेंबर एडिट करून बघू का?

पीडीएस_पुराण

एडिट अजिबात करू नका. ते आयएसपीएफ टेबल आहे, साधा मजकूर नाही. एक बाइट इकडेतिकडे झाला तर टेबल उघडणारच नाही. आत काय आहे ते बघायचंच असेल तर आयएसपीएफच्या ३.१६ मध्ये टेबल बघायची सोय आहे.

कोरं करायचं तर असं करा. फाइल मॅनेजर सगळ्या स्प्लिट स्क्रीनवरून बंद करा, हे फार महत्त्वाचं. ते उघडं असेल तर बाहेर पडताना मेमरीतलं जुनं टेबल पुन्हा डिस्कवर लिहिलं जाईल आणि तुम्हाला वाटेल काही झालंच नाही. मग ३.४ मधून प्रोफाइल डेटासेट उघडून एफएमएनप्रोफचं नाव बदला, पुसू नका. आता फाइल मॅनेजरमध्ये गेलात की ते साइटच्या किमतींपासून नव्याने सुरू होईल. दोन दिवस नीट चाललं की जुना मेंबर काढून टाका.

काही साइटवर फाइल मॅनेजर दुसऱ्याच ॲप्लिकेशन आयडीने सुरू करून देणारी सिलिस्ट (कमांडची स्क्रिप्ट) असते. तसं असेल तर मेंबरचं नावही त्या आयडीप्रमाणे वेगळं असेल. एफएमएनप्रोफ सापडलं नाही तर हे तपासा.

अनामिक_बाइट

झालं! एका स्प्लिटवर उघडं होतं, ते बंद केल्यावर लगेच जमलं. आता फक्त जॉब कार्ड (जॉबची ओळख सांगणारी पहिली ओळ) पुन्हा भरावं लागलं.

कॉपीबुकवाली

आणि कोबॉलचं पॅनेलही पुन्हा बघा. अरिथची खूण गेली असेल.

रात्रपाळी

एक शेवटचा प्रश्न. आमच्याकडे सिसप्लेक्समध्ये (एकमेकींना जोडलेल्या मेनफ्रेम सिस्टमच्या गटात) दोन सिस्टम आहेत आणि मी दोन्हीवर एकाच वेळी लॉगऑन असतो. प्रोफाइल डेटासेट एकच. एकीकडे केलेला बदल दुसरीकडे दिसत नाही आणि कधी उलट पुसलाही जातो. हेही एस५२२च का?

सिस्प्रोग_२

नाही, हे वेगळं. दोन्ही सत्रांनी आपापल्या मेमरीत त्याच मेंबरची प्रत उघडलेली असते. आधी बंद केलेल्या सत्राने लिहिलेलं नंतर बंद होणाऱ्या सत्राच्या जुन्या प्रतीखाली जाऊ शकतं. आयएसपीएफमध्ये प्रोफाइल वाटून घेण्याची सोय आहे आणि दोन सत्रांत एकाच गोष्टीच्या दोन किमती आल्या तर कोणती ठेवायची, की तुम्हाला विचारायचं, हे त्यात ठरवता येतं. ती साइटच्या आयएसपीएफ कॉन्फिगरेशनमधून चालू करावी लागते, तेव्हा आधी तुमच्या सिस्टम्स प्रोग्रामरला विचारा. ती चालू नसेल तर सेटिंग बदलायच्या दिवशी एकाच सिस्टमवर लॉगऑन राहा, फाइल मॅनेजरमधून बाहेर पडा आणि मगच दुसरीकडे जा.

रात्रपाळी

विचारतो. तोवर दुसरीकडचं सत्र बंद ठेवतो.